ब्लॅक अँड व्हाइटच्या सिग्नलमध्ये रंग नेमका कुठे बसवला?

१९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्तानं आपल्याकडे कलर टीव्ही आला आणि त्यानंतर बरीच वर्षं पुण्यातल्या वाड्यांमध्ये, सोसायट्यांमध्ये दोन्ही प्रकारचे सेट शेजारीशेजारी चालू असायचे, एका घरात नवा कलर, पलीकडच्या बिऱ्हाडात जुना ब्लॅक अँड व्हाइट, आणि दोघांच्याही अँटेना सिंहगडाकडे तोंड करून. गडावरच्या दूरदर्शनच्या टॉवरवरून दोघांसाठी वेगवेगळं काही निघत नव्हतं. सिग्नल एकच. तो एका सेटमध्ये शिरला की चित्र रंगीत, दुसऱ्यात शिरला की काळंपांढरं, आणि जुन्या सेटला पत्ताही नसायचा की या सिग्नलमध्ये आता जास्तीचं काहीतरी भरलंय.

मला या सगळ्या विषयात सगळ्यात भारी वाटते ती हीच गोष्ट. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी आधी अट घातली की ज्याच्या घरी जुना सेट आहे त्याचं काहीही बिघडता कामा नये, आणि मग रंग कुठे घालायचा ते शोधलं. पुढे जे काही किचकट वाटतं ना, ते जवळजवळ सगळं या एका अटीमुळे आहे. ही अट न पाळता काय होतं तेही करून झालंय. अमेरिकेत सीबीएस कंपनीनं फिरत्या रंगीत चकतीची पद्धत काढली होती, एकामागोमाग एक लाल, हिरवं, निळं चित्र पाठवायचं, रंग छान दिसायचे, १९५० साली सरकारी मंजुरीसुद्धा मिळाली. पण लोकांच्या घरातल्या लाखो जुन्या सेटवर ते दिसतच नव्हतं. १९५१ मध्ये प्रक्षेपण सुरू झालं आणि त्याच वर्षी बंदही पडलं.

आता आधी साधं ब्लॅक अँड व्हाइट चित्र कसं जातं ते बघू, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे चित्र असायचं ६२५ ओळींचं आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. एका ओळीला वेळ मिळतो ६४ मायक्रोसेकंद. त्यातले सुमारे ५२ मायक्रोसेकंद खरं चित्र असतं, डावीकडून उजवीकडे जिथे उजेड जास्त तिथे सिग्नल एका बाजूला, अंधार असेल तर दुसऱ्या बाजूला. उरलेले १२ मायक्रोसेकंद पडद्यावर काही दिसत नाही, त्यात ४.७ मायक्रोसेकंदांची एक सिंक पल्स असते, ती सेटला सांगते की ओळ संपली, आता परत डावीकडे ये. सिंक पल्स संपल्यावर पुढचं चित्र सुरू होईपर्यंत थोडी मोकळी जागा राहते, ती लक्षात ठेवा, तिचा पुढे फार उपयोग आहे.

६४ मायक्रोसेकंद म्हणजे किती? रेडिओलहर तेवढ्या वेळात १९ किलोमीटर जाते. आणि सिंहगड ते शनिवारवाडा हे सरळ रेषेत साधारण २० किलोमीटर आहे. म्हणजे बातम्या चालू असताना शनिवारवाड्याजवळच्या अँटेनावर एखाद्या ओळीचं डावं टोक पोचत असायचं, तेव्हा त्याच ओळीचं उजवं टोक नुकतंच गडावरून निघालेलं असायचं. खडकवासला, धायरी, सिंहगड रोड या सगळ्यावरून एक अख्खी ओळ हवेत आडवी पसरलेली. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा मला खूप आनंद झाला होता, आणि पुढे काचेची गोष्ट येईल तेव्हा हे वीस किलोमीटर परत लागणार आहेत.

तर आता रंग. कॅमेरा तीन रंग मोजतो, लाल, हिरवा, निळा. सरळ विचार केला तर तीन सिग्नल पाठवायला पाहिजेत, पण जुन्या सेटला यातला एकही चालणार नाही, त्याला फक्त उजेड किती तेवढं हवंय. म्हणून पहिलं काम असं केलं की तिन्ही मिळून एक उजेडाचा सिग्नल बनवला, त्याला वाय म्हणतात, आणि त्याचं गणित आहे लाल ३० टक्के, हिरवा ५९ टक्के, निळा ११ टक्के. हे आकडे सारखे का नाहीत, तर आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो आणि निळा सगळ्यात कमी. हळदीसारखा पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, त्याचा वाय येतो ८९ टक्के, म्हणून ब्लॅक अँड व्हाइट सेटवर पिवळी साडी जवळजवळ पांढरी दिसायची, कुंकू ३० टक्क्यांवर काळपट, आणि गडद निळा तर ११ टक्के, काळाच. हा वाय सिग्नल आधीच्या ब्लॅक अँड व्हाइट सिग्नलच्या जागी तसाच्या तसा बसवला. जुना सेट खूश.

राहिले दोन आकडे, कारण तीन रंग परत काढायला तीन आकडे लागणारच. ते कुठले निवडले, तर लाल वजा वाय आणि निळा वजा वाय. हिरवा वेगळा पाठवायची गरजच नाही, वाय आणि हे दोन हातात असले की हिरवा गणितानं निघतो. पण वजाबाकीच का, सरळ लाल आणि निळाच का नाही पाठवला? कारण चित्रात जिथे पांढरं, राखाडी किंवा काळं आहे तिथे लाल, हिरवा, निळा तिन्ही सारखे असतात, मग वाय पण तेवढाच, आणि दोन्ही वजाबाक्या शून्य. रंग नाही तिथे रंगाचा सिग्नल नाही. जुन्या सेटच्या चित्रात ढवळाढवळ झालीच तर फक्त भडक रंगाच्या जागी होणार, बाकी चित्र स्वच्छ. उजेड वेगळा आणि रंग वेगळा अशी ही विभागणी फ्रान्सच्या जॉर्ज व्हॅलेन्सी यांनी १९३८ मध्येच सुचवली होती, म्हणजे कलर टीव्ही लोकांच्या घरात यायच्या कितीतरी आधी.

आता जागेचा प्रश्न. चित्राच्या सिग्नलला पाच मेगाहर्ट्झ जागा दिलेली, त्याच्या थोडं वर साडेपाचला आवाज बसलेला, आणि पलीकडे शेजारचं चॅनेल. नवीन जागा मिळणार नव्हती. इथे दोन गोष्टी कामाला आल्या. एक म्हणजे आपला डोळा बारीक रेघा उजेडातल्या फरकानं ओळखतो, रंगाच्या बाबतीत तो बराच ढोबळ आहे, रंग थोडा इकडेतिकडे सांडला तरी चालतं. त्यामुळे रंगाला पूर्ण पाच मेगाहर्ट्झ द्यायची गरज नाही, सव्वा ते दीडच्या आसपास पुरतात. दुसरी गोष्ट जास्त सुंदर आहे. चित्र ओळीओळीनं जातं आणि शेजारच्या ओळी एकमेकींसारख्याच असतात, म्हणून वाय सिग्नलची सगळी ताकद पाच मेगाहर्ट्झवर सारखी पसरलेली नसते, ती १५,६२५ हर्ट्झच्या पटींवर पुंजक्यापुंजक्यांनी जमते आणि मधेमधे मोकळ्या फटी राहतात. रंग या फटींमध्ये बसवला.

त्यासाठी एक वेगळी लहर घेतली, तिला कलर सबकॅरियर म्हणतात, आणि आपल्याकडच्या पाल नावाच्या कलर पद्धतीत तिची फ्रिक्वेन्सी आहे ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झ. हा आकडा बघून लोक घाबरतात पण तो उगाच नाही आलेला. ओळींच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे १५,६२५ हर्ट्झला, २८३.७५ नं गुणा आणि त्यात २५ मिळवा, बरोबर तोच आकडा येतो. ते पाऊण महत्त्वाचं आहे, त्यामुळेच रंग पूर्ण पटीवर न पडता मधल्या फटीत पडतो. आणि लहर वरच्या टोकाला, चार मेगाहर्ट्झच्या पुढे ठेवली, म्हणजे जुन्या सेटवर दिसलीच तर इतके बारीक ठिपके दिसतील की सोफ्यावर बसून कळणार नाहीत, शिवाय पुढच्या ओळींत आणि पुढच्या चित्रांत ते जागा बदलत राहतात त्यामुळे डोळ्याला आणखी पुसट होतात. पडद्याला नाक लावून बघितलं तर भडक रंगाच्या जागी ते जाळीदार ठिपके खरंच दिसायचे.

आकडे दोन आहेत आणि लहर एक, मग दोन्ही एकीवर कसे बसवायचे? इथे घड्याळाचा काटा डोळ्यासमोर आणा, कारण इंजिनियर लोक पण हे असंच गोल काढून बघतात, त्यासाठी व्हेक्टरस्कोप नावाचं यंत्रच असतं. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये टीव्हीचा विभाग आहे, दूरदर्शनची माणसं तिथे ट्रेनिंगला यायची, त्या सगळ्यांना या गोल पडद्यावरचे ठिपके पाठ. निळ्याची वजाबाकी ठरवते काटा आडवा किती जाणार, लालची वजाबाकी ठरवते उभा किती. दोन्ही मिळून काटा एका दिशेला उभा राहतो. काट्याची दिशा म्हणजे कुठला रंग, काट्याची लांबी म्हणजे किती गडद. दिशा लहरीच्या फेजमध्ये जाते, म्हणजे लहर किती पुढेमागे सरकवलीय त्यात, आणि लांबी लहरीच्या उंचीमध्ये. पालच्या घड्याळात लाल असतो साडेअकराच्या जवळ, जांभळट गुलाबी एकला, निळा साडेतीनच्या आसपास, आकाशी साडेपाचला, हिरवा सातला आणि पिवळा साडेनऊला. काटाच नाही, म्हणजे लांबी शून्य, तर तो पांढरा-राखाडी-काळा. आणि माणसाच्या त्वचेचा रंग अकराच्या जवळ येतो, माणूस गोरा असो की सावळा, दिशा जवळपास तीच, फरक पडतो तो उजेडात आणि काट्याच्या लांबीत.

पण काटा अकरावर आहे हे कळायला बारा कुठे आहे ते माहीत पाहिजे. सेटला ते कोण सांगणार? आता ती मघाची मोकळी जागा आठवा, सिंक पल्सनंतरची. प्रत्येक ओळीच्या त्या जागेत सबकॅरियरच्या साधारण दहा लहरी टाकतात, त्याला कलर बर्स्ट म्हणतात. सेटमध्ये त्याच फ्रिक्वेन्सीची लहर बनवणारा क्रिस्टल असतो, तो ओळीगणिक या बर्स्टशी जुळवून घेतो आणि मग अख्ख्या ओळीभर त्याच्या हिशोबानं काट्याची दिशा वाचतो. जुन्या जमान्याच्या ब्लॅक अँड व्हाइट सेटमध्ये ही जागा पडद्यावर दिसतच नव्हती, म्हणून बर्स्टनं त्याला काही त्रास नाही. आणि सिग्नलमध्ये बर्स्ट नसेल, म्हणजे काळीपांढरी फिल्म चालू असेल किंवा सिग्नल फारच कमजोर असेल, तर कलर सेट आपला रंगाचा भाग बंदच करतो, त्या भागाला कलर किलर असं नाव आहे. अँटेना वाऱ्यानं फिरली की चित्र दिसतंय पण कलर गेला असं व्हायचं ना, ते याच्यामुळे.

इथपर्यंतचं सगळं बऱ्यापैकी अमेरिकेच्या एनटीएससी नावाच्या पद्धतीनं १९५३ मध्येच बसवलं होतं, त्यांचे आकडे वेगळे पण कल्पना तीच. त्यांचं दुखणं होतं फेज. बर्स्ट येतो काळ्या पातळीवर, पण चेहरा असतो उजळ पातळीवर, आणि ट्रान्समीटर, मधल्या लिंका, ॲम्प्लिफायर यांच्यात उजेडाप्रमाणे फेज थोडी सरकते, डोंगरावरून आपटून आलेल्या सिग्नलनं आणखी गोंधळ. काटा अर्धा तास पुढे सरकला की अकराचा चेहरा साडेअकरावर, लालबुंद. मागे सरकला की साडेदहावर, काविळ झाल्यासारखा. म्हणून अमेरिकन सेटला टिंटचं बटण असायचं, चॅनेल बदललं की उठून चेहरा नीट करायचा.

आपल्या जुन्या सेटची बटणं आठवा. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर, व्हॉल्यूम. टिंट नाही. ते नाही कारण लागतच नव्हतं, आणि त्याचं श्रेय जातं हानोव्हरमधल्या टेलिफुंकेन कंपनीच्या वॉल्टर ब्रूख यांना. त्यांनी १९६३ च्या जानेवारीत पाल पद्धत दाखवली, १९६७ मध्ये पश्चिम जर्मनी आणि ब्रिटनमध्ये ती सुरू झाली. फ्रान्सनं सीकॅम नावाची वेगळीच पद्धत घेतली, तिच्यात जात नाही. आपल्याकडे ब्लॅक अँड व्हाइट आधीपासूनच ६२५ ओळींचं होतं, त्यामुळे पाल सरळ बसली.

ब्रूख यांची युक्ती अशी. एक ओळ नेहमीसारखी पाठवायची, पुढची ओळ उलटी, म्हणजे लालच्या वजाबाकीचं चिन्ह बदलून, घड्याळाचा वरचा अर्धा भाग खाली. परत पुढची सरळ, त्याच्या पुढची उलटी. आता चेहऱ्याचा काटा अकरावर आहे. पहिल्या ओळीत अकरा गेला, वाटेत अर्धा तास पुढे सरकला, सेटला मिळाला साडेअकरा. दुसऱ्या ओळीत उलटा करून पाठवायचा म्हणजे अकराचा सात झाला, वाटेत तोही अर्धा तास पुढेच सरकला, साडेसात झाला, सेटनं परत उलटा केला तर आला साडेदहा. एक साडेअकरा, एक साडेदहा. दोघांची सरासरी काढा, अकरा! चूक दोन्ही ओळींत एकाच बाजूला झाली होती, पण एक ओळ उलटी पाठवल्यामुळे परत सरळ करताना तिची चूक विरुद्ध बाजूला गेली आणि दोघी एकमेकींना मारून मोकळ्या झाल्या. सरासरी काढताना काटा किंचित आखूड होतो, एवढ्या चुकीला साडेतीन टक्क्यांच्या जवळपास, म्हणजे रंग एक कणभर फिका, जो कुणाच्या लक्षात येत नाही. कुठली ओळ सरळ आणि कुठली उलटी हे सेटला कळावं म्हणून बर्स्टची दिशा पण ओळीगणिक बदलतात. मला विचाराल तर अख्ख्या ॲनालॉग टीव्हीमधली ही सगळ्यात देखणी कल्पना आहे.

फक्त सरासरी काढायची तर आधीची ओळ कुठेतरी जपून ठेवायला पाहिजे, आणि त्या काळी घरगुती सेटमध्ये मेमरी चिप वगैरे काही नव्हतं. मग काय केलं, तर रंगाच्या सिग्नलचा आवाज बनवला, कानाला ऐकू न येणारा, आणि तो काचेच्या तुकड्यात सोडला. काचेत तो जातो सेकंदाला अडीच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका ओळीच्या वेळेत जेमतेम सोळा सेंटीमीटर. जुन्या बाजारात रविवारी कलर टीव्हीचे भंगारातले बोर्ड मिळायचे, त्यावर एक चपटी चौकोनी डबी दिसते, चार पायांची, तीच ही डिले लाइन. उघडली तर आत पातळ काच, एका कडेला दोन छोटे क्रिस्टल, एक विजेचा आवाज करतो, दुसरा आवाजाची परत वीज करतो, आणि काच लहान असल्यामुळे आवाज आत कडांवर आपटत आपटत आपले सोळा सेंटीमीटर पूर्ण करतो. नेमका वेळ ६३.९४३ मायक्रोसेकंद, कारण तेवढ्यात सबकॅरियरच्या बरोबर २८३.५ लहरी होतात. सिंहगडापासून शनिवारवाड्यापर्यंत हवेत पसरलेली ती ओळ, तिचा रंग या डबीत अख्खा मावतो आणि पुढच्या ओळीची वाट बघतो. ज्या सेटमध्ये ही काच नाही किंवा बिघडली तिथे सरासरी डोळ्यालाच काढायला लागते, मग रंगाच्या जागी आडव्या पट्ट्या दिसतात.

फटीत बसवलेला रंग कधीकधी फटीबाहेर येतोच, हे पण सांगायला पाहिजे. बातम्या देणाऱ्या बाईंची साडी बारीक चौकडीची असली की त्यावर इंद्रधनुष्य नाचायचं. का, तर पडद्याच्या रुंदीत काळ्यापांढऱ्या रेघांच्या २३० जोड्या बसतील इतकी बारीक रेघ असली की तिच्या वाय सिग्नलची फ्रिक्वेन्सी येते ४.४३ मेगाहर्ट्झच्या जवळ, सेटला वाटतं हा रंगच आहे. म्हणूनच स्टुडिओत येणाऱ्या पाहुण्यांना बारीक रेघांचा शर्ट घालू नका असं सांगायचे. उलट बाजूनं, भडक रंगांच्या कडेला ठिपक्यांची रांग सरकताना दिसायची, तो रंग उजेडात घुसलेला. साधे सेट हे टाळायला ४.४३ च्या आसपासचा उजेड कापूनच टाकायचे, त्यात चित्राची धार जायची. नंतर कोम्ब फिल्टर आले, ते ओळीओळींची बेरीज-वजाबाकी करून उजेड आणि रंग बऱ्यापैकी सोडवतात.

हे सगळं आज कशाला लागतं, तर घरोघरी लग्नाच्या, मुंजीच्या व्हीएचएस कॅसेट पडून आहेत आणि लोक आता त्या कॉम्प्युटरवर घेतायत. व्हीएचएस टेपवर पाच मेगाहर्ट्झ मावत नाहीत, म्हणून व्हीसीआर रंग वेगळा काढून खाली ६२७ किलोहर्ट्झच्या आसपास नेतो आणि उजेड वेगळा एफएम करून लिहितो. म्हणजे टेपवर दोघं आधीच वेगळे आहेत. पिवळ्या पिननं जोडलं की व्हीसीआर त्यांना परत एकत्र करतो आणि कॉम्प्युटरला जोडलेलं कॅप्चर कार्ड त्यांना परत सोडवायच्या मागे लागतं, त्यात ठिपके आणि खोटे रंग शिरतात. तुमच्या व्हीसीआरला एस-व्हिडिओचं सॉकेट असेल, चार पिनांचं गोल, तर तेच वापरा, त्यात उजेड आणि रंग दोन वेगळ्या तारांनी येतात.

सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ स्टँडर्ड पाल बी निवडा. बऱ्याच ठिकाणी आधीपासून एनटीएससी लावलेलं असतं, मग चित्र काळंपांढरं येतं किंवा वरखाली घसरतं आणि लोकांना वाटतं कॅसेट खराब झाली. आणि कॅसेट जर अमेरिकेतल्या मावशीनं किंवा काकांनी तिकडे रेकॉर्ड करून पाठवलेली असेल, पुण्यात अशा कॅसेट बऱ्याच घरांत आहेत, तर ती खरोखरच एनटीएससी असणार, ५२५ ओळींची, तिचा सबकॅरियर ३.५८ मेगाहर्ट्झचा, आपला साधा व्हीसीआर ती नीट वाचणार नाही. तिच्यासाठी मल्टिसिस्टिम व्हीसीआर शोधा, आणि तो लावल्यावर आउटपुट एनटीएससी ३.५८ वर ठेवा, ४.४३ वर नाही, कारण ४.४३ वाली सोय पालच्या टीव्हीवर तसली कॅसेट बघण्यापुरती केलेली होती आणि बरीच कॅप्चर कार्डं ती ओळखत नाहीत.